विद्यार्थ्यांचे फोन-लॅपटॉप कॉलेजच्या वायफायवर घेताना: आधी तपासणी, जोडणी शेवटी

प्रवेशाचे दिवस सुरू झाले की संगणक प्रयोगशाळेच्या दाराशी पोरं जमतात. "भाऊ, वायफायचा पासवर्ड काय हाये?" भाऊ पासवर्ड सांगून मोकळे होतात. पोळ्यापर्यंत तो पासवर्ड फाटकासमोरच्या चहाटपरीवरही पाठ झालेला असतो. मग ऑफिसात शिष्यवृत्तीचे अर्ज पुढे सरकत नाहीत, प्रिंटर आपोआप कागद ओकतो, आणि सगळे म्हणतात नेट स्लो आहे.

तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात नेटवर्कचं काम बहुधा एकाच माणसाच्या गळ्यात पडतं. तो प्रयोगशाळा सहायक असतो, नाहीतर तासिका तत्त्वावर शिकवणारा संगणकाचा प्राध्यापक. हा लेख त्याच्यासाठी आहे. चूक जवळपास सगळीकडे सारखीच दिसते: उपकरण आधी जोडलं जातं आणि भानगड झाल्यावर तपासलं जातं. हा क्रम उलटा हवा. जाळं वेगळं करायचं, मग नोंद, मग उपकरणाची तपासणी आणि त्यानंतर जोडणी. पहिला टप्पा मे-जूनमध्ये, कॉलेज रिकामं असतानाच उरकून घ्या. जुलैत दाराशी गर्दी असताना तो होत नाही.

## टप्पा १: ऑफिसचं जाळं आणि विद्यार्थ्यांचं जाळं वेगळं करा

ज्या संगणकावरून एचटीई सेवार्थवर पगारबिलं जातात आणि महाडीबीटीच्या संस्था लॉगिनमधून अर्ज तपासले जातात, तो संगणक आणि पहिल्या वर्षाच्या पोराचा सेकंडहँड फोन एकाच जाळ्यात असता कामा नये. बाकी काही जमलं नाही तरी एवढं कराच.

याचे तीन मार्ग आहेत. मॅनेज्ड स्विच (सेटिंग बदलता येणारा स्विच) आणि एकापेक्षा जास्त वायफाय नावं देणारे अॅक्सेस पॉइंट (वायफाय सोडणारी खोकी) असतील तर ऑफिस, प्रयोगशाळा आणि विद्यार्थी असे तीन व्हीलॅन, म्हणजे एकाच सामानावरची तीन वेगळी जाळी, करा. तसं सामान नसेल तर दोन वेगळ्या जोडण्या घ्या: एक फायबर ऑफिसला, दुसरी विद्यार्थ्यांना, आणि दोन्हींचा एकमेकींशी संबंध नको. दरमहा थोडा जास्त खर्च येतो, पण नेटवर्कमधलं फारसं न कळणाऱ्यालाही हे सांभाळता येतं, म्हणून लहान कॉलेजाला मी हाच मार्ग सुचवतो. तिसरा मार्ग राउटरमधल्या गेस्ट नेटवर्कचा. तो चालतो, पण बऱ्याच घरगुती राउटरांमध्ये अॅक्सेस पॉइंट मोड (राउटरने फक्त वायफाय सोडायचं, पत्ते दुसऱ्या राउटरने वाटायचे) लावला की गेस्टचं वेगळेपण नावापुरतंच उरतं.

तपासा: स्वतःचा फोन विद्यार्थ्यांच्या वायफायला जोडा आणि ब्राउझरमध्ये ऑफिसच्या प्रिंटरचा आयपी पत्ता टाका. मग ऑफिसच्या राउटरच्या सेटिंगचं पान उघडून बघा. दोन्हींपैकी एकही उघडलं तर जाळी वेगळी झालेली नाहीत.

विद्यार्थ्यांच्या जाळ्यावर आणखी काही गोष्टी आताच लावून घ्या. क्लायंट आयसोलेशन चालू करा, म्हणजे एका फोनला दुसरा फोन दिसणार नाही. डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने होणारी जोडणी) आणि यूपीएनपी (उपकरणांनी राउटरमध्ये आपोआप वाट उघडणं) बंद करा. राउटरचा मूळ अॅडमिन पासवर्ड बदला. डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) म्हणून ९.९.९.९ किंवा १.१.१.२ दिला तर घातक म्हणून माहीत असलेल्या बऱ्याच साइट तिथेच अडतात आणि त्यासाठी पैसेही पडत नाहीत.

पत्त्यांचाही हिशोब करा. राउटरमधला मास्क (जाळ्यात किती पत्ते मावतात ते ठरवणारा आकडा) २५५.२५५.२५५.० असेल तर जेमतेम २५४ पत्ते मिळतात आणि लीज टाइम, म्हणजे एक पत्ता एका उपकरणासाठी राखून ठेवायची मुदत, बऱ्याच राउटरांत २४ तासांची असते. म्हणजे सकाळी येऊन गेलेल्या पोराचा पत्ता दुसऱ्या सकाळपर्यंत अडकून राहतो आणि दुपारच्या पोराला "आयपी मिळत नाही" असं दिसतं. लीज दोन तासांवर आणा. राउटर झेपवत असेल तर मास्क २५५.२५५.२५२.० करा, मग १०२२ पत्ते मिळतात.

### वीज, विजा आणि ऊन

शहरी मार्गदर्शकांत हे सापडत नाही, पण आपल्याकडचं निम्मं सामान यानेच जातं. घरातल्या वापरासाठी बनवलेला राउटर साधारण ४० अंशांपर्यंत चालेल असं त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला ४५ च्या घरात जातात, आणि टिनाच्या छताखाली त्याहून जास्त होतं. अॅक्सेस पॉइंट टिनाला लागून ठोकू नका. भिंतीवर दाराच्या वरच्या चौकटीइतक्या उंचीवर लावा आणि हवा खेळती राहील असं बघा.

दुसरं, दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची लॅन केबल नेऊ नका. मुख्य इमारतीपासून वसतिगृहापर्यंत झाडावरून ओढलेली निळी केबल पुष्कळ ठिकाणी दिसते. पहिल्या पावसात आसपास कुठे वीज पडली की त्या केबलमध्ये दाब उसळतो आणि दोन्ही टोकांचे पोर्ट जळतात. यूपीएस लावलेला असला तरी उपयोग होत नाही, कारण दाब विजेच्या बोर्डातून आलेलाच नसतो. तिथे फायबर टाका आणि दोन्ही बाजूंना मीडिया कन्व्हर्टर (फायबरला लॅन केबलशी जोडणारं खोकं) लावा. केबल चिलखती असेल तर तिचं पोलादी आवरण अर्थिंगला जोडावं लागतं, म्हणून धातू नसलेलीच घेतलेली बरी.

लाईन जाऊन येते तेव्हाचा झटकाही वाईट असतो. स्विच आणि राउटर लहान यूपीएसवर ठेवा आणि इमारतीची अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी ओतायला शिपायाला सांगून ठेवा.

## टप्पा २: नोंद कमी ठेवा, पण नीट ठेवा

एकच पासवर्ड सगळ्यांना देऊ नका. प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या, मग ते पोर्टलवरचं (जोडल्यावर ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या पानावरचं) असो की डब्ल्यूपीए-टू एंटरप्राइजचं (वायफाय जोडतानाच प्रत्येकाचं नाव-पासवर्ड मागणारं). सुरुवातीचा पासवर्ड म्हणून जन्मतारीख किंवा मोबाईल नंबर ठेवू नका, वर्गातल्या प्रत्येकाला दुसऱ्याची जन्मतारीख माहीत असते.

नोंदवहीत पाच रकाने पुरतात: नाव, हजेरी क्रमांक, वर्ग, उपकरणाचं मॉडेल, लॉगिन. आधारची झेरॉक्स घेऊ नका. वायफायसाठी ती लागत नाही, आणि एकदा घेतली की जपायची जबाबदारी तुमच्यावर येते.

इथे हमखास होणारी चूक मॅक पत्त्याची, म्हणजे उपकरणाच्या वायफायला असलेल्या ओळख क्रमांकाची. पुष्कळ कॉलेजांत विद्यार्थ्याकडून मॅक पत्ता लिहून घेतात आणि राउटरमध्ये तेवढेच पत्ते चालू ठेवतात. पोरगं फोनच्या "अबाउट फोन"मधून पत्ता देतं आणि फोन काही जोडला जात नाही. कारण अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला मूळ पत्त्याऐवजी एक बनावट पत्ता दाखवतो. राउटरला दिसणारा पत्ता हवा असेल तर तो त्या वायफायच्या नावाखालच्या तपशिलात सापडतो. माझं मत विचाराल तर मॅकची यादी सोडूनच द्या. पत्ता नक्कल करायला पाच मिनिटं लागतात, आणि यादी सांभाळण्यात तुमचं वर्ष जातं.

कोण, कधी, कोणत्या लॉगिनने जोडलं गेलं याचा लॉग मात्र ठेवा. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉगसाठी १८० दिवसांची मुदत आहे, तीच धरून चाला.

तपासा: लाईन जाऊन आल्यावर लॉगमधली तारीख बघा. बऱ्याच राउटरांत घड्याळाची बॅटरी नसते, म्हणून बंद पडून चालू झाले की ते १ जानेवारी १९७० पासून मोजायला लागतात. पोलिसांनी उद्या विचारलं तर १९७० सालचा लॉग दाखवून काय उपयोग? एनटीपी (नेटवरून घड्याळ लावून घेणारी सोय) चालू करा आणि वेळ भारतीय ठेवा.

## टप्पा ३: उपकरणाची तपासणी

सुरू करण्याआधी एक नियम. फोन विद्यार्थ्याच्याच हातात राहील. पॅटर्न विचारायचा नाही, फोन टेबलावर ठेवून घ्यायचा नाही, गॅलरी आणि व्हॉट्सअॅप उघडायचं नाही. तुम्ही शेजारी उभं राहून सांगायचं आणि बटण त्याने दाबायचं. मुलींच्या बाबतीत तर हे फार काटेकोरपणे पाळा. शक्य असेल तर एखाद्या मॅडमना किंवा तिसऱ्या वर्षाच्या मुलीला तपासणीला बसवा. एकदा "सर फोन घेतात" अशी चर्चा झाली की निम्म्या मुली तपासणीला येतच नाहीत आणि मैत्रिणीच्या लॉगिनने नेट वापरतात.

### फोन

आपल्याकडे फोन बहुतेक वेळा एकट्या विद्यार्थ्याचा नसतो. सिम वडिलांच्या नावावर असतं, पीक कर्जाचे मेसेज त्यावर येतात आणि संध्याकाळी लहान भाऊ त्यावर गेम खेळतो. म्हणजे बँकेचा ओटीपीही त्याच फोनवर येतो, म्हणून ही तपासणी कॉलेजइतकीच घरासाठीही आहे.

पहिली गोष्ट, एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून येणारी अॅपची फाइल. लग्नाची पत्रिका, आरटीओचं चालान, पीएम किसानचा हप्ता अशा नावांनी व्हॉट्सअॅपवर फाइल येते. ती इन्स्टॉल झाली की मेसेज वाचायची परवानगी मागते आणि ओटीपी परस्पर पाठवते. सेटिंगमध्ये अॅप्स, मग स्पेशल अॅक्सेस, मग "इन्स्टॉल अननोन अॅप्स" उघडायला सांगा. व्हॉट्सअॅप, क्रोम आणि फाइल मॅनेजर या तिन्हींसमोर "नॉट अलाउड" दिसलं पाहिजे. नंतर अॅक्सेसिबिलिटीमध्ये जाऊन कोणत्या अॅपला परवानगी दिली आहे ते बघायला सांगा. अनोळखी नाव असेल तर आधी परवानगी काढा, मग अॅप काढा. उलट केलं तर काही अॅप निघतच नाहीत. तरीही निघालं नाही तर "डिव्हाइस अॅडमिन" अॅप्सच्या यादीत त्याची खूण आहे का ते बघा.

दुसरी, स्क्रीन लॉक. तिसरी, प्ले स्टोअरमधलं प्ले प्रोटेक्ट (अॅप तपासणारी सोय) चालू आहे का. चौथी, सिक्युरिटी पॅचची तारीख. ती दोन वर्षं जुनी निघाली तरी फोन परत पाठवू नका. नवा फोन घ्या म्हणून सांगणं सोपं असतं, तो घेण्याचं बळ सगळ्यांकडे नसतं. असा फोन अडचण करू नये म्हणूनच पहिल्या टप्प्यात जाळं वेगळं केलं आहे. त्या फोनवरून बँकेचं अॅप वापरू नको, एवढं मात्र स्पष्ट सांगा.

शेवटी *#०६# दाबून येणारा आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) विद्यार्थ्याने घरच्या वहीत लिहून ठेवायचा. तुमच्या नोंदवहीत त्याची गरज नाही.

### लॅपटॉप

जिल्ह्याच्या ठिकाणाहून घेतलेल्या जुन्या लॅपटॉपवर दुकानदाराने "फॉर्मॅट मारून" विंडोज टाकलेलं असतं. ते अॅक्टिव्हेट करायला वापरलेलं क्रॅक (परवाना चुकवणारा प्रोग्राम) बऱ्याचदा अँटिव्हायरस बंद पाडून बसतं. हे पकडायची एक जागा आहे. विंडोज सिक्युरिटी उघडा, "व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन"मध्ये "मॅनेज सेटिंग्ज" आणि तिथे अगदी खाली "एक्सक्लूजन्स" असतं. त्या यादीत अख्खा सी ड्राइव्ह किंवा एखादं अनोळखी फोल्डर दिसलं तर डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) चालू दिसूनही तिथे काहीच तपासत नाही. ती नोंद काढा, मग "मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन" लावा. लॅपटॉप आपोआप बंद-चालू होतो आणि साधारण १५ मिनिटांत स्कॅन पूर्ण होतं. तेवढा वेळ चार्जर लावून ठेवा, मध्येच लाईन गेली आणि बॅटरी मेलेली असेल तर पुन्हा पहिल्यापासून.

विंडोज कोणतं आहे तेही बघा. विंडोज ७ ची मुदत जानेवारी २०२० मध्येच संपली. विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि नोंदणी केलेल्या घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी जाहीर झाली. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) लागतं, ते बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये नसतं. चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप फक्त टायपिंग आणि ब्राउझिंगला वापरायचा असेल तर लिनक्स मिंट टाकून द्या, चांगलं चालतं. पण आधी विचारा: परीक्षेचा अर्ज, टॅली, एमएस-सीआयटीचा सराव यातलं काय लागतं? टॅली शिकणाऱ्या पोराला लिनक्स देऊन त्याचं कामच अडेल.

अपडेट कुठून करायचं हा प्रश्न येतोच. विंडोजचं अपडेट काही जीबीचं असतं आणि मोबाईल पॅक दिवसाला दीड-दोन जीबीचा. तपासणीच्या टेबलाजवळ एक तात्पुरतं वायफाय ठेवा, त्यावर फक्त इंटरनेट द्या आणि ते संध्याकाळी बंद करा. अपडेटचा लॅपटॉप दुपारी तीननंतर बोलवा. तेव्हा ऑफिसची घाई सरलेली असते.

सावधान: फाइल कॉपी करून घेतल्याशिवाय फॉर्मॅट करू नका, पोरगं कितीही "चालते सर, मारून टाका" म्हणालं तरी. प्रोजेक्टची एकच प्रत त्या लॅपटॉपवर असते आणि ते त्याला फॉर्मॅट झाल्यावर आठवतं.

### पेनड्राइव्ह

झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या पेनड्राइव्हमध्ये सगळ्या फाइल गायब होऊन पेनड्राइव्हच्याच नावाचा एक शॉर्टकट दिसतो. फाइल गेलेल्या नसतात, लपलेल्या असतात. तो शॉर्टकट उघडायचा नाही. तो उघडला की व्हायरस लॅपटॉपात शिरतो, आणि घाबरलेलं पोरगं नेमकं तेच करतं. आधी स्कॅन करा. मग फाइल एक्स्प्लोररमध्ये "व्ह्यू"खाली "हिडन आयटम्स" चालू करा, फिकट दिसणारं फोल्डर उघडा आणि फक्त ओळखीच्या फाइल बाहेर काढा. मग पेनड्राइव्ह फॉर्मॅट करा. झेरॉक्सला कागद पाठवायचा तर पीडीएफ मेल करायची सवय लावलेली बरी.

## टप्पा ४: आता जोडणी

तपासणीत पास झालेल्यालाच लॉगिन द्या. आधी तीन गोष्टी बघा: तारीख-वेळ बरोबर आहे, व्हीपीएन बंद आहे, आणि "प्रायव्हेट डीएनएस" ऑटोमॅटिकवर आहे. लॉगिनचं पान उघडत नाही अशा तक्रारींचं मूळ बहुधा यातच सापडतं. बॅटरी पूर्ण उतरलेल्या जुन्या फोनची तारीख मागे गेलेली असते, मग सर्टिफिकेट चुकीचं म्हणून पान येतच नाही.

पोर्टल असेल तर पुढे फारसं काही करावं लागत नाही. एंटरप्राइज असेल तर जोडताना फोन विचारतो त्या रकान्यांत ईएपी मेथड पीईएपी, फेज टू एमएसचॅप-व्ही-टू, आणि सीए सर्टिफिकेटमध्ये कॉलेजने दिलेलं सर्टिफिकेट किंवा "सिस्टिम सर्टिफिकेट्स". डोमेनच्या जागी सर्व्हरचं नाव बिनचूक टाका. जुन्या फोनवर "डू नॉट व्हॅलिडेट" असा पर्याय दिसतो आणि सगळे तोच निवडतात, कारण त्याने लगेच जोडलं जातं. त्याने होतं असं, की कोणीही त्याच नावाचं वायफाय सुरू केलं तर फोन खातरजमा न करता त्याच्याकडे लॉगिन घेऊन जातो. नव्या अँड्रॉइडमधून तो पर्याय काढून टाकला आहे.

तुमची संस्था एज्युरोममध्ये (आपल्याच लॉगिनने दुसऱ्या संस्थांतही वायफाय देणारी सेवा) असेल तर विद्यार्थ्याने लॉगिन लिहिताना अॅट (@) नंतरचा संस्थेचा पत्ताही लिहिला पाहिजे, आणि जोडणी आपल्याच कॉलेजात करून पाहिली पाहिजे. भारतात ही सेवा अर्नेट ही शैक्षणिक नेटवर्क चालवणारी सरकारी संस्था चालवते. परगावी शिबिराला गेल्यावर पहिल्यांदा सेटिंग करायला बसलं की जमत नाही.

तपासा: जोडल्यावर मिळालेला आयपी पत्ता बघा. लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होत असेल तर पत्ता मिळालेलाच नाही, लीज आणि पत्त्यांचा साठा बघा. तुमच्या जाळ्याशी न जुळणारा १९२.१६८.०.काहीतरी असा असेल तर पुढचा टप्पा वाचा.

## टप्पा ५: वसतिगृहातला चोरटा राउटर

रात्री आठला फोन येतो: अख्ख्या मजल्याचं नेट बंद. कारण बहुतेक एकच असतं. कोणीतरी घरचा राउटर आणून भिंतीतली केबल त्याच्या वॅन पोर्टऐवजी (बाहेरचं नेट आत घेणारा) लॅन पोर्टमध्ये (आतल्या उपकरणांचा) खोचलेली असते. मग तो राउटर मजल्यावरच्या सगळ्यांना स्वतःचे पत्ते वाटायला लागतो, आणि त्या पत्त्यांनी बाहेर जाता येत नाही.

शोधायला एका अडकलेल्या लॅपटॉपवर गेटवेचा (पत्ते वाटणाऱ्या त्या राउटरचा) पत्ता बघा आणि तो ब्राउझरमध्ये टाका. बहुतेक वेळा राउटरच्या कंपनीचं लॉगिन पान दिसतं. मग स्विचवरच्या केबल एकेक काढून बघा, कोणती काढल्यावर ते पान जातं ती त्या खोलीची. मॅनेज्ड स्विच असेल तर डीएचसीपी स्नूपिंग (परवानगी नसलेल्या पोर्टवरून पत्ते वाटणं अडवणारी सोय) चालू करा, हा प्रश्न पुन्हा येणार नाही. पोराला रागावण्याआधी त्याच्या खोलीत सिग्नल येतो का ते बघा. येत नसतो, म्हणूनच त्याने राउटर आणलेला असतो. तिथे कॉलेजचा एक अॅक्सेस पॉइंट वाढवा.

## टप्पा ६: फोन हरवला किंवा पैसे गेले तर

हा क्रम छापून प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावा, कारण घाबरलेल्या माणसाला क्रम सुचत नाही.

१. पैसे गेले असतील तर सगळ्यात आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. पोलीस ठाण्यात जायला एसटीची वाट बघू नका. जितका लवकर फोन, तितकी रक्कम गोठण्याची शक्यता जास्त. मग बँकेला कळवा.

२. फोन हरवला असेल तर सिम बंद करा. सिम वडिलांच्या नावावर असेल तर त्यांना आधी कळवा, लपवू नका.

३. दुसऱ्या फोनवरून गूगलचा पासवर्ड बदला आणि हरवलेल्या फोनवर दुरून लॉक लावा. कॉलेजचं लॉगिन तुम्ही बंद करा.

४. पोलिसांत तक्रार द्या, तिची प्रत घ्या. नवं सिम त्याच नंबरचं घ्या, कारण पुढच्या पायरीत ओटीपी लागतो.

५. दूरसंचार विभागाच्या संचार साथीमधल्या सीईआयआर या हरवलेले फोन ब्लॉक करणाऱ्या पोर्टलवर आयएमईआय टाकून फोन ब्लॉक करा. आयएमईआय वहीत लिहिला नसेल तर फोनच्या डब्यावर किंवा बिलावर सापडतो.

फोन सापडला तर अनब्लॉक करायचंही तिथेच होतं. पण कॉलेजचं लॉगिन लगेच चालू करू नका, आधी तिसऱ्या टप्प्यातली तपासणी पुन्हा करून घ्या. शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की त्या तुकडीची सगळी लॉगिन बंद करा. त्यासाठी हजेरी क्रमांकांची यादी ऑफिसकडून मे महिन्यातच मागून ठेवा.